बिननावाची चिठ्ठी

आहारवाल्या ताई वसतिगृहात आल्या त्या दिवशी एकोणीस मुली पाठ ताठ करून बसल्या होत्या, कारण मागच्या खुर्चीत सर होते. सर म्हणजे या लांब पल्ल्याच्या धावपटूंचे प्रशिक्षक. माणूस वाईट नाही. फक्त वजनकाट्याशिवाय जगात कुणी खरं बोलतं यावर त्यांचा विश्वास नव्हता.

ताई साधं बोलल्या. "पळता तेवढं तुम्ही खात नाही. मग शरीर काटकसर करतं. आधी पाळी बंद. मग हाडं कमकुवत. नडगी दुखायला लागते आणि तुम्ही म्हणता, सराव जास्त झाला."

काडीनं हळूच नडगी दुसऱ्या पायाखाली ओढून घेतली. 'काडी' हे नाव सरांनीच ठेवलेलं, कौतुकानं. तिची पाळी थांबून सात महिने झाले होते. इथे पाळी थांबली की मुली टाळी द्यायच्या. सुटलीस बाई, आता तयारी पक्की!

"किती जणींची थांबलीये?" ताईंनी विचारलं. एकही हात वर नाही. "बरं, चिठ्ठीवर लिहा. नाव नको."

काडीनं लिहिलं. सात महिने. नडगी दुखते. सारखी भूक लागते. शेजारी तिच्याच खोलीत राहणारी मैत्रीण, सगळ्यांची 'मुंगी'. तिची पाच महिने बंद, पण 'नियमित' लिहून मोकळी.

"अगं खरं लिही ना, नाव कुठंय?" काडी कुजबुजली.

"तू लिही, हरिश्चंद्राची नात!"

ताईंनी चिठ्ठ्या उघडल्या आणि त्यांचा चेहरा खुलला. एकोणिसात एकीचीच बंद. सरांनी हात पुढे केला. "बघू. पोरींच्या भल्याचंच आहे." नावं नव्हतीच, म्हणून ताईंनी बिनदिक्कत दिल्या. त्यांना काय ठाऊक, सर रोज प्रत्येकीची सराववही वाचतात. एकोणीस जणींचं अक्षर त्यांना तोंडपाठ.

दुसऱ्या दिवशी मैदानावर, सगळ्यांसमोर: "काडे, रविवारी तू पळायचं नाहीस. तब्येत नाजूक आहे ना तुझी?"

रविवारी निवडीची शर्यत होती. सर निवडतील त्या दहाच जणी पळणार, त्यातल्या पहिल्या पाचजणी संघात. दोन वर्षं ती त्यासाठीच अर्धपोटी पळत होती.

"सर, ते चुकून लिहिलं..."

"मग नीट जेव आणि चुका सुधार. तुझ्या जागी मुंगी."

झालं. ताटात दुप्पट भात पडायला लागला. ताईंनी सांगितलं होतं तेच, जेवण आणि आराम. पण शिक्षा म्हणून वाढलेला घास गिळवत नाही. त्यात समोरून टोमणे. "खा बाई, तू काय, सुट्टीवर!"

रविवारी काडीला पाण्याच्या टेबलावर उभं केलं होतं. आठव्या किलोमीटरला, तिच्या डोळ्यांदेखत, मुंगी कडेला बसली. खोटं कशाला, काडीला आधी बरंच वाटलं. क्षणभर, पण वाटलं. मग ती धावली.

मुंगी नडगीला बोट लावू देईना. "आतून कट् झालं गं."

"ताई आल्यात शर्यतीला. सांगूया."

"खबरदार! आईची शपथ आहे तुला. तुझं झालं तेवढं पुरे नाही का?"

ताई धापा टाकत आल्याच. सर पुढच्या मुलींबरोबर केव्हाच निघून गेले होते. आसपास चिटपाखरू नव्हतं. ताई खाली बसल्या, आणि मुंगीऐवजी काडीकडे बघून म्हणाल्या, "ती चिठ्ठी तुझी होती, कळलं मला. त्यांच्या हातात द्यायला नको होती. चुकलंच माझं." मग आवाज खाली आणून, "तू खरं सांगशील. हिचीही थांबलीये का?"

मुंगीनं काडीचं मनगट घट्ट धरलं होतं.

"नाही हो ताई," काडी म्हणाली. "खड्ड्यात पाय मुरगळला. मी बघितलं ना."

ताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मुरगळलाच ना? मग आठवड्याभरात पळायला लागेल."