काकांची स्लीपिंग बॅग

लॉंड्रीवाल्या काकांनी उभा जन्म लोकांच्या रजया धुतल्या, पण स्वतःसाठी एक स्लीपिंग बॅग निवडायची म्हटल्यावर गडी पार गळाठला. दुकानाला कुलूप लावून दोघांनी महिनाभर डोंगरवाटा तुडवायच्या, हे काकूंचं लग्नापासूनचं वेड. तयारी सगळी झाली होती. अडलं होतं फक्त बॅगेपाशी.

"पिसांची घेऊ," काका म्हणायचे, "हलकी, गुंडाळली की चिमूटभर होते." काकू लगेच हो म्हणाल्या, की यांचं सुरू, "पण भिजली की झाला लगदा!"

"बरं, मग सिंथेटिक."

"ती ओली झाली तरी ऊब धरते गं, पण केवढं ते धूड! पाठ राहील का जागेवर?"

शेवटी दुकानदाराने कंटाळून दोन्ही बॅगा घरी नेऊन बघा म्हणून दिल्या. आणि काकांनी काय करावं? पिसांची थेट मशीनमध्ये! नवं कापड धुतल्याशिवाय अंगाला लावायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. बाहेर आली तेव्हा आत नुसते गोळे.

इस्त्रीच्या टेबलावर ती पसरून काकू एकेक गोळा बोटांनी फोडत बसल्या. फोडता फोडता त्यांचं डोकं सणकलं. "तुम्हाला यायचंच नाहीये! सरळ सांगा की. मी ताईला घेऊन जाते." आणि खरंच त्यांनी फोन उचलला.

काकांचं धाबं दणाणलं. "अगं, यायचंय! पण..." ते हातातल्या हँगरशी चाळा करत राहिले. "त्या बॅगेत माणूस एकटाच झोपतो ना."

काकू बघतच राहिल्या. लग्न झाल्यापासून हा माणूस आपले गारठलेले पाय त्यांच्या पोटऱ्यांखाली खुपसून झोपत आला होता.

"रोज रात्री मी कोकलते, काढा ते बर्फाचे तुकडे! ते ऐकू येत नाही वाटतं?"

"येतं की," काका खाली बघत म्हणाले. "ते ऐकल्याशिवाय मला झोपच लागत नाही."

काकूंना आधी हसू फुटलं, मग डोळ्यांना पदर लावावा लागला. फोन त्यांनी ठेवून दिला.

"दोन सिंथेटिक घ्या," त्या म्हणाल्या. "चेनी एकमेकींना जोडता येतील अशा. आणि पाठ दुखली तर मला सांगायचं नाही."