काळूरामने हुंगलेला ड्रम

मी दापोड्याच्या गोदामातला निळा प्लास्टिकचा ड्रम बोलतोय. जवळ येऊ नका, लांबूनच ऐका. माझं तोंड घाण आहे. माझं मलाच सोसत नाही.

नवा होतो तेव्हा मला कसलाच वास नव्हता. मग एका कारखान्यात माझ्यात काहीतरी भरलं, पिवळसर, जळजळीत. नाव लेबलावर होतं म्हणे. मला कुठं वाचता येतंय. ते संपलं आणि मी भिवंडीला, दापोड्याच्या गोदामात आलो.

तिथं केसरीनाथशेठ रिकामे ड्रम घेतो, धुऊन विकतो. आल्या आल्या लेबल खरवडायचं, म्हणजे गिऱ्हाईक बिचकत नाही. पण कुठला ड्रम कशानं धुवायचा हे तर कळायला हवं. त्यासाठी काळूराम होता. झाकण काढायचा, तोंड आत घालायचा, छातीभर वास ओढायचा. "हा साबणाचा. हा रंगाचा. ह्याला सोडा मारा."

शेठ पाहुण्यांना सांगायचा, "आमची मशीन हाय ही. लाइटबिल येत न्हाय."

सगळे हसायचे. काळूरामही हसायचा, मग खोकत बसायचा. मला किळस यायची. माझ्या पोटातली घाण माणसाच्या छातीत उतरत होती आणि मला तोंड मिटता येत नव्हतं.

काळूराम अंथरुणाला खिळला. फुफ्फुसाचा कॅन्सर. शेठनं त्याच्या जागी त्याच्या सुनेला, पूर्वीला, लावलं. पहिल्याच दिवशी तिनं माझं झाकण काढलं, तेवढ्यात तिची सासू कमळ आत आली.

"थांब गो. नाक घालू नको आत."

"काय झालं वहिनी?" शेठ म्हणाला. "काळूरामला झालं ते बिडीनं."

"त्यांनी बिडी कधी तोंडाला लावली न्हाय. डॉक्टरीणबाईंनी फुफ्फुसाचा तुकडा तपासला. बोलल्या, कधी वाढायचं, कधी थांबायचं, हे शरीरात आतच ठरलेलं असतं. जनुक बोलतात त्याला. तेच बिघडलंय. आता आतलं मांस थांबायचं विसरलंय. असल्या वाफांनी तसं होऊ शकतं बोलल्या. ड्रमात काय असायचं ते विचारून या, बोलल्या."

"पाणी. साबणाचं पाणी."

"मग तुमी घ्या वास."

शेठ हसला. कमळ हसली नाही. तिनं मला कलतं करून माझं तोंड त्याच्याकडे केलं. शेठनं रुमाल काढून नाकाला लावला आणि मागं सरला.

पूर्वीनं ते बघितलं. तिनं हात धुतले, साबण लावून परत धुतले. "चला आई," म्हणाली. दोघी गेल्या.

आता हुंगायला कोणी तयार नाही. म्हणून शेठ आम्हा सगळ्यांना एकाच पाण्यात विसळतो. मला नळ बसवलाय आणि टेमघरला रस्त्याकडेला विकायला उभं केलंय. बाया येतात, टिचकी मारतात. "जाड हाय. प्यायच्या पाण्याला बरा," म्हणतात.

बायांनो, मी बरा नाही. मला घरी नेऊ नका. कोणाच्या हातात सुरी असेल तर एवढं करा, माझ्या बुडाला मोठं भोक पाडा. एक घोटसुद्धा माझ्यात राहायला नको.