नेग्रोसला न गेलेला कोंबडा

मी कोंबडा बोलतोय. अंगणात दाणे टिपत फिरणारा नव्हे, झुंजीचा. माझं मराठी ऐकून दचकू नका. ते मी कांचनकाकूंच्या फोनवरून शिकलो. शाळा अर्धीच झाली, कारण ऐन रंगात आलं की काकू फोन घेऊन घरात जातात.

जन्म टेक्सासचा. शुगर लँडच्या बाहेर नेस्तोरची पत्र्याची शेड होती, तिथे २००४ च्या उन्हाळ्यात मी कवच फोडलं. शेजारचं अंडं अजून फुटत होतं. त्याला मी मदत केली. डोक्यावरच केली. नेस्तोरने ते पाहिलं आणि आनंदाने मला टोपीत ठेवून घरभर मिरवलं.

हा नेस्तोर फिलिपिन्सच्या नेग्रोस ऑक्सिडेंटल प्रांतातला. बायको हॉस्पिटलात नर्स, हा तिथेच लाँड्रीत. रोज सकाळी मका टाकताना तो आम्हाला त्याचा प्रांत शिकवायचा. क्षितिजापर्यंत ऊस. कापणारे हजारो, मालक मूठभर. साखरेचा भाव पडला आणि घरोघरच्या चुली थंडावल्या, तेव्हा या लोकांनी काय करावं? हसरे मुखवटे चढवून रस्त्यावर नाचायला सुरुवात केली. आता ते नाचणं बघायला पाहुणे येतात. एका जमीनदाराचा जळका बंगला आहे, तो बघायलाही तिकीट. सगळं सांगून झालं की नेस्तोर छाती फुगवून म्हणायचा, ऊस काय, कोणीही पिकवील. कोंबडे मात्र आमचेच. त्याचा थोरला भाऊ तिथे कोंबड्यांची पैदास करायचा.

चार वर्षांत मी तीन झुंजी मारल्या. ताकदीने नाही, लबाडीने. एकाचा गळा चिरला, एकाचं पोट फाडलं, तिसरा नुसता धसक्याने पळाला. तो आठवला की मला अजून हसू येतं.

मग २००८ उजाडलं. लुईझियानात तेवढी झुंज कायद्याने चालायची, तिथेही पंधरा ऑगस्टपासून बंदी ठरली. तुमचा स्वातंत्र्यदिन, आमची टाळेबंदी. शेवटच्या शनिवारी नेस्तोरने मला पिंजऱ्यात घातलं आणि सरळ सांगून टाकलं, जिंकलास तर भावाकडे नेग्रोसला, कोंबड्यांच्या घोळक्यात राजा होऊन राहशील. हरलास तर पातेलं.

त्या दिवशी गाडीत डॉक्टर हेमचंद्र वैरागडे आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या कांचनकाकूही होत्या. डॉक्टर मूळचे बल्लारपूरचे, ह्यूस्टनमध्ये जन्मभर माणसांची पोटं फाडून शिवणारे. नेस्तोरची बायको त्यांच्याच ऑपरेशन थिएटरात होती. हात थरथरायला लागला म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी काम सोडलं होतं. नेस्तोरने त्यांना आमच्या प्रांताचा सांस्कृतिक मेळावा आहे म्हणून बोलावलं होतं. काकू सिल्कची साडी नेसून, बटाटेवड्यांचा डबा घेऊन आल्या होत्या.

गोल रिंगण, मातीवर वाळलेलं रक्त आणि भोवती आरडणारी माणसं बघून काकूंचा डबा हातातच राहिला. डॉक्टरांचे डोळे मात्र लकाकले.

"अगं, हा तर आपल्या बल्लारपूरकडचा कोंबडबाजार," ते म्हणाले. "लहानपणी बाबांनी मला यावरून बेल्टनं फोडला होता."

"बरं केलं होतं त्यांनी," काकू म्हणाल्या.

माझ्या डाव्या पायाला काती, म्हणजे बोटभर लांब धारदार पातं, बांधली. समोर एक लाल, तरणाबांड, पिसं अशी की पेटलेला जाळच. सोडताक्षणी आम्ही हवेत आदळलो. त्याची काती माझ्या पोटात घुसली, माझी त्याच्या छातीत. खाली पडलो ते एकमेकांत अडकून. त्याने माझा डावा डोळा फोडला. मी त्याचा तुरा उपटला. पुन्हा उडालो, पुन्हा पडलो, या वेळी माझ्या उजव्या पायाची शीर तुटली आणि आतडं बाहेर आलं. ते मी स्वतःच तुडवत होतो.

आमच्या खेळात असं असतं की दोघंही आडवे झाले की पंच दोघांना उचलून समोरासमोर धरतो. जो दोन टोचे मारील तो जिंकला. नंतर मेला तरी हरकत नाही. आम्हाला तसं धरल्यावर मी मान लुळी सोडली, उरलेला डोळा मिटला. लाल्याला वाटलं, संपला म्हातारा. मालकाला शोधायला त्याने मान वळवली. मी मान उचलली आणि त्याच्या डोळ्याच्या खोबणीत एक टोचा मारला. मग त्याच भोकात दुसरा.

पंचाने माझ्या बाजूने हात वर केला. लाल्या तिथेच पाय झाडत मेला. खंत? थोडीशी. पिसं फार देखणी होती.

कोंबडे शिवणाऱ्या माणसापुढे सहा जखमी रांगेत होते. तोवर मी उरलो नसतो. डॉक्टर उठले, त्याच्याकडून सुईदोरा घेतला.

"अहो, तुम्हाला चहाचा कप धरवत नाही," काकू म्हणाल्या.

"कप नाही शिवायचा मला."

अकरा टाके घातले. हात एकदाही हलला नाही. काकूंनी माझे पाय धरले होते, सिल्कच्या साडीवर माझं रक्त. परतताना हरलेला कोंबडा रिवाजाप्रमाणे नेस्तोरला मिळाला. तो पिशवीत घालून काकूंच्या पायाशी ठेवला. त्यांना शनिवारचा उपास.

मी जगलो. पण भावाने फोनवर विचारलं, पायावर नीट उभा राहतो का? नेस्तोर खोटं बोलला नाही. जो उभा राहू शकत नाही त्याच्याकडून पैदास कसली होणार, भाऊ म्हणाला, आणि नेग्रोस तिथेच संपलं.

टाके काढायला डॉक्टर आले त्या दुपारी नेस्तोरने मला पायांना धरून उलटं लटकवलं होतं. पातेल्यात आलं आणि गवती चहा उकळत होता. सुरी दुसऱ्या हातात, आणि तो रडत होता. डॉक्टरांना त्याने समजावलं, आमच्या प्रांतात हा मान आहे; ज्याने वाढवला त्याच्याच घरात कोंबडा खाल्ला जातो, उकिरड्यावर फेकत नाहीत.

डॉक्टर इंग्रजी विसरले.

"नेस्तोर, मी चार हजार पोटं शिवली. त्यातलं एकही कोणी शिजवून खाल्लेलं नाही. हेही नाही खायचं."

नेस्तोरला शब्द कळले नसतील. पण सुरी खाली आली. डॉक्टरांनी मला काकूंच्या भाजीच्या पिशवीत घातलं.

आता मी त्यांच्या गॅरेजमागे असतो. मी आरवलो की शेजारी चिठ्ठी पाठवतात आणि काकू बेधडक सांगतात, आमच्या हेमचंद्रांचा अलार्म आहे. दर रविवारी नेस्तोर मका आणतो, जवळ बसून त्याच्या भाषेत उसाच्या फडाबद्दल बोलतो. परवा मी त्याचा अंगठा रक्त येईपर्यंत फोडला. कितीतरी दिवसांनी तो पोट धरून हसला.

तुम्हीही या कधी. एकच विनंती, लंगडा बिचारा म्हणून मला कुरवाळायला वाकू नका. वाकलात की तुमचा डोळा बरोबर माझ्या चोचीच्या उंचीला येतो.