पट्ट्याचा युरिया

"ह्यात दाणं कुठं हायती रं, अभिनंदन?" शेजारच्या रानातल्या विजयसिंहांनी गव्हाची ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली. कोंडा उडाला आणि उरले ते दाणे जिऱ्यासारखे बारीक. बांधावर उभ्या शेतकऱ्यांत कुणीतरी हसलं. "मशीन म्हणलं पोट भरलंय, आन पिकानं ऐकलं की!"

अभिनंदन हसला नाही. कागलजवळच्या या स्वतःच्या रानात त्याने गव्हाचा प्रयोग घेतला होता तो गावाने बघावा म्हणूनच. पाणी मुबलक आणि युरिया त्याहून मुबलक, अशी इथली शेती. पिकावर धरलं की हिरवेपणा मोजणारं सेन्सरचं यंत्र खत वाचवायच्या एका प्रकल्पाने त्याच्या हाती दिलं होतं. गावकरी पुढच्या हंगामाला तयार झाले तरच प्रकल्प इथे राहणार, आणि प्रकल्प राहिला तरच त्याची कंत्राटी नोकरी. चाळिशी उलटलेल्या माणसाला दुसरी कोण देतो?

यंत्राची रीत सोपी. एका पट्ट्याला पेरणीवेळीच भरपूर युरिया द्यायचा. पीक गुडघ्याला लागलं की पट्ट्यावर आणि बाकीच्या रानावर यंत्र धरायचं. पट्टा जास्त हिरवा निघाला तर बाकीचं पीक उपाशी, त्याला खत द्या. दोन्ही सारखे निघाले तर देऊ नका. जानेवारीत दोन्ही सारखे निघाले. त्याने खत दिलं नाही आणि ओंब्या भरायच्या वेळी सगळं रान पिवळं पडलं.

दुपारी घरी तो ताटावर बसला.

"अव्वा, पेरणीच्या वक्ताला मी कोल्हापूरला ट्रेनिंगला गेलतो. पट्ट्याचं पोतं तूच टाकलंस न्हवं?"

"टाकलं की," आई, सीताबाई, भाकरी थापत म्हणाली. "सगळ्या रानाला पुरवून पुरवून टाकलं."

"सगळ्या?"

"मग? एका पट्टीनं पोटभर खायाचं आन बाकीच्यानं बघत बसायचं? असला पंक्तिप्रपंच माझ्या हातनं व्हायचा न्हाय बाबा."

जैन मंदिरातल्या जेवणावळीत तिने जन्मभर वाढलं होतं. पुढाऱ्याच्या पानात आणि गड्याच्या पानात तिने कधी फरक केला नाही; तसा करणं तिच्या लेखी पाप. अभिनंदनला राग आला. पण तिच्या तोंडाकडे बघून तो राग काढायचा कुणावर? पट्टा आणि रान खरोखरच सारखे होते, सारखेच अर्धपोटी. यंत्र बिचारं खरंच बोललं होतं.

ऊन उतरताना प्रकल्पाच्या प्रमुख आदिती मॅडम आल्या. गाव बांधावर होतंच, मागे सीताबाईही होती.

"अभिनंदन, पट्ट्याला युरिया घातला होता ना?"

"नाही मॅडम. मी विसरलो."

आपल्या हातून काय झालं ते सीताबाईला तेव्हा कळलं. ती तोंड उघडणार तोच त्याने डोळ्यांनी तिला गप्प केलं.

"एवढी एकच गोष्ट होती हो," मॅडम म्हणाल्या. त्यांनी यंत्र पेटीत घातलं, पेटी गाडीत ठेवली. पुढच्या हंगामात प्रकल्प दुसऱ्या तालुक्यात जाईल आणि माणूसही दुसरा असेल, हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं.

सकाळी सीताबाई घराबाहेर पडली. आधी विजयसिंहांकडे, मग मंदिरात, मग दूध डेअरीवर. "माझ्या लेकाचं चुकलं न्हाय. पट्ट्याचं पोतं मी साऱ्या रानात विस्कटलं," असं ती भेटेल त्याला सांगत होती. कुणी तिचा अपमान केला नाही. विजयसिंहांनी तर चहा पाजला.

"काकू, आई हायसा तुमी. लेकासाठी असं बोलणारच की."

डेअरीवाल्याकडून तिने मॅडमना फोन लावून घेतला. त्याही तेच म्हणाल्या, फक्त शुद्ध मराठीत.

ती रानात आली तेव्हा अभिनंदन पट्ट्याच्या खुणेचे बांबू उपटत होता.

"अभि, कुणालाच खरं वाटंना रं. तू तरी सांग की त्यास्नी."

"मी सांगितलं तर म्हणतील, आईवर ढकलतोय."

जन्मात खोटं न बोललेली ती बाई बांधावर मटकन बसली. अभिनंदनने उरलेले बांबू उपटले आणि एकेक करून तिच्याशेजारी आणून ठेवले.