दडवलेला गंधार

"आज बी तिथंच बंद केला मेल्यांनी!" पेटीचा भाता हलवत आत्याबाई कुरकुरल्या.

मुरुडच्या कोरड्या ओढ्यात टुरिंग टॉकीजचा तंबू पडून आठवडा झाला होता. लातूर जिल्हा होऊन वर्ष सरलं होतं. टँकर चार दिवसांनी यायचा, लढाईचा सिनेमा मात्र रोज. तंबूवरच्या भोंग्यातून तो गावभर ऐकू यायचा. फक्त सैनिक पडतो तिथं ऑपरेटर शेषेराव भोंगा बंद करायचा. गावानंच तसं सांगितलेलं, आमच्या घरापायी. माझा नवरा व्यंकटी एकाहत्तरच्या लढाईतून परतला नव्हता. तारेत 'बेपत्ता' होतं. त्या एका शब्दावर आम्ही सासूसुनेनं बारा वर्षं काढली. मी हिरव्या बांगड्या भरायचे, आत्याबाई त्याचं ताट घासून ठेवायच्या.

भीमगीतांच्या पार्टीत ऐकून ऐकून त्या पेटी शिकलेल्या. भोंगा पुन्हा सुरू झाला, तशी त्यांनी बँडची धून बोटांवर घेतली.

"हा भूप. छाती काढून चालतोय. पण पोरगं पडल्यावर असा कसा चालंल? मधी गंधाराचा सूर उतरवून कोमल केला असंल, रडवी शिवरंजनी वाजली असंल. तेच दडवून राहिलेत. उद्या तंबूत जायचं."

"नको आत्याबाई, तुम्हाला सोसायचं न्हाई."

"मला?" भाजीत मी मीठ विसरल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तंबूत बायकांची बाजू सोडून त्या थेट मशीनपाशी बसल्या, मी त्यांच्या शेजारी. शेषेरावाचा हात बटणाकडं गेला, तसं त्यांनी मनगट धरलं.

"मावशी, गाव हाणंल मला!"

"गावाला मी बघते. वाजू दे."

वाजलं. बँड थांबला आणि तीच धून एकट्या सारंगीवर आली. गंधार खरंच उतरलेला, कोमल. भोंग्यातून साऱ्या मुरुडभर. माणसं पडदा सोडून आमच्याकडं बघू लागली.

"बंद कर रे!" सरपंच किशनराव ओरडले. "धुरपताबाई, सुनंचा तरी इचार करा!"

"बारा वर्सं तिचाच करून राहिले!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आन मी तुमचा."

त्यांनी माझा हात धरला, बांगड्यांसकट. उभ्या राहिल्या आणि सारंगीच्या वर आवाज चढवला.

"ऐका समदे. माझा व्यंकटी मेलाय."