ताफ्यातली निळी गाडी

तूरिदचा नवरा ओडवार गेला तो पानगळीत, आणि तेव्हापासून निळी गाडी गॅरेजात उभी होती. तूरिद अधूनमधून जाऊन तिच्या टपावर हात ठेवून यायची, बस. चालवायची म्हटलं तर लायसन्स होतं, उन्हाळ्यात धक्क्यापर्यंत, दुकानापर्यंत ती नेतही असे. पण हिवाळ्यात कधीच नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत तिनं गाडी चरात घातली होती. ओडवार रागावला नाही, हसलाही नाही. किल्ल्या उचलून त्यानं खिशात टाकल्या आणि तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

फेब्रुवारीत डोंगराच्या माथ्यापलीकडच्या वृद्धाश्रमातून नर्सचा फोन आला.

"बोर्गहिल्ड रोज सकाळी कोट घालून खिडकीशी बसतेय. वाढदिवसाला भाऊ येणार म्हणते."

"तिला सांगितलं नाही का, तो गेला म्हणून?"

"सांगितलं. दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. आता नाही सांगत आम्ही."

बोर्गहिल्ड ही ओडवारची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. तूरिदशी तिचं कधी जमलं नाही. "तुझी कॉफी म्हणजे खिडक्या धुतलेलं पाणी," असं ती लग्नाच्या वर्षी म्हणाली होती आणि पुढं दर भेटीत म्हणत राहिली. तरीही दर फेब्रुवारीत ओडवार आणि तूरिद माथा ओलांडून तिच्याकडं जायचे. ओडवार गाडी हाकायचा, तूरिद शेजारी बसून विणायची.

बर्गेनमध्ये राहणाऱ्या मुलाला तिनं फोन करून सांगितलं, वाढदिवसाला मीच गाडी घेऊन जाते.

"आई, वेड लागलंय का? माथ्यावर? एकटी? आत्याला काय कळतंय, कोण आलं न् कोण नाही!"

"तिला कळत नाही म्हणून मला पण कळेनासं होऊ दे?"

"मग टॅक्सी कर."

"बरं," तूरिद म्हणाली आणि फोन ठेवला. टॅक्सी तिनं केली नाही.

केलं ते असं, की दुपारचा उजेड असताना गाडी बाहेर काढून मासळीच्या बंद कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात नेली. तिथं काचेसारखा बर्फ गोठला होता. तिनं थोडा वेग घेतला आणि मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. गाडी आडवी झाली, गरकन फिरली आणि आली त्या दिशेला तोंड करून थांबली. जवळपास कुणीही नव्हतं. एक पाणकावळा भिंतीवर बसून बघत होता. तिनं पुन्हा तेच केलं, पुन्हा, आणि पुन्हा. हळूहळू तिच्या पायाला कळायला लागलं की बर्फावर ब्रेक हा शत्रू असतो. की पाय आधी काढायचा, गियर खाली आणायचा, चाक हलक्या हातानं जिकडं जायचंय तिकडं वळवायचं, आणि नजरही तिकडंच ठेवायची. ज्या खड्ड्याकडं बघशील त्याच खड्ड्यात जाशील. हे सगळं तिला कुणी शिकवलं नाही. शिकवणारा चाळीस वर्षं शेजारी बसला होता, पण तिनं विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं.

वाढदिवसाच्या दिवशी ती सकाळीच निघाली. टाकी भरलेली, मागच्या सीटवर खोरं, घोंगडी, थर्मास, आणि डब्यात लेफ्से. बटाट्याच्या त्या मऊ पोळ्या तिनं आदल्या दिवशी लाटल्या होत्या आणि लोणी-साखर लावून गुंडाळल्या होत्या. खालच्या रस्त्याला वारा नव्हता. पण वादळात माथ्याचा रस्ता अडवायच्या फाटकाशी पोचली तर फाटक बंद, आणि पुढं गाड्यांची रांग.

फाटकावर यार्ले होता. ओडवारच्या ओळखीचा, लाल नाकाचा माणूस. त्यानं काच ठोठावली.

"तूरिद? तू? आणि ह्या बाजूला?"

"दुसऱ्या बाजूला बसून गाडी चालत नाही, यार्ले."

तो हसणार होता, पण हसला नाही. "वर वारा सुटलाय. बर्फ हटवायचा नांगर लावलेला ट्रक पुढं जाईल, त्याच्यामागं ताफ्यानं जायचं. खोरं आहे? गरम कपडे?"

"आहेत."

"पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडायचे नाहीत. पण चिकटूनही चालायचं नाही. दिवे दिसेनासे झाले तर जागेवर थांब, चारही इंडिकेटर लाव. वळायचं नाही, आणि गाडीतून उतरायचं तर अजिबातच नाही. उतरून चार पावलं गेलेली माणसं आम्ही वसंतात बर्फ वितळल्यावर शोधून काढलीत."

"ओडवार म्हणायचा तू लोकांना घाबरवतोस."

"घाबरलेलीच माणसं पोचतात," यार्ले म्हणाला. मग जरा घुटमळून, "उद्या गेलीस तर? उद्या उघडेल बहुतेक."

"वाढदिवस आज आहे."

त्यानं मान हलवली आणि तिला रांगेत जवळजवळ शेवटी उभं केलं. तिच्यामागं माशांचा मोठा ट्रक, आणि त्याच्यामागं फक्त देखरेखीची गाडी.

ताफा निघाला. पहिली चढण बरी गेली. रस्त्याच्या दोन्ही कडांना रोवलेल्या लाल काठ्या एकेक करून पुढं यायच्या आणि मागं जायच्या. पुढच्या गाडीचे दोन लाल ठिपके तेवढे धरून ठेवायचे. तूरिदनं ते इतके घट्ट धरले होते की डोळ्यांची पापणी लववायला ती विसरत होती. आणि तिथंच, तिसऱ्या वळणाच्या आसपास, तिच्या एक गोष्ट ध्यानात आली.

इतकी वर्षं ह्या चढणीवर ती ओडवारला बाहेरचं दाखवत आली होती. बघ, रेनडियरचा कळप. बघ ना, समुद्र कसा गुलाबी झालाय. आणि तो दर वेळी म्हणायचा, "हो, बघितलं. छानच." कुठलं बघितलं! ह्या जागेवर बसून काहीही बघता येत नव्हतं. त्यानं एकही कळप पाहिला नव्हता, गुलाबी समुद्रही नाही. त्यानं फक्त रस्ता पाहिला होता, चाळीस हिवाळे, आणि ती बोलत राहावी म्हणून हो म्हणत राहिला होता. तूरिदला हसू आलं. शेजारच्या सीटकडं बघावंसं वाटलं. पण बघण्याची सोय नव्हती.

माथ्यावर वाऱ्यानं त्यांना गाठलं. बर्फ वरून पडत नव्हता, आडवा धावत होता. काठ्या दिसेनाशा झाल्या. मग पुढचे लाल ठिपके फिकट झाले, एकदा चमकले आणि विझले.

तिचा पाय वेग वाढवायला खाली गेला. आपण मागं राहिलो, पटकन गाठावं, असंच कुणालाही वाटेल. पण पुढची गाडी थांबली असेल तर? तूरिदनं पाय काढला, गियर खाली आणला आणि गाडी आपोआप मंदावत थांबू दिली. चारही इंडिकेटर लावले. आरशात ट्रकचे दिवे मोठे होत आले. दिवे थांबले.

मग काहीच घडलं नाही, आणि तेच भयंकर होतं. इंडिकेटर टिकटिक करत होते. वारा गाडीला खांद्यानं ढकलल्यासारखा ढकलत होता. काचांपलीकडं पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. वर-खाली, पुढं-मागं सगळं एकच. मोबाइलला रेंज नव्हती. असली तरी फोन कुणाला करायचा, हा विचार मनात आला आणि तिनं तो घाईघाईनं ढकलून दिला. ती मोठ्यानं म्हणाली, "थांबलेय मी. सांगितलं तशी थांबलेय." आपलाच आवाज ऐकून तिला अधिकच एकटं वाटलं.

एवढ्यात मागून धाडधाड आवाज झाला. कुणीतरी गाडीला हातानं चाचपत पुढं येत होतं. शेजारचं दार उघडलं आणि वाऱ्याबरोबर एक धिप्पाड माणूस आत आला, दाढीत बर्फ, कमरेला दोरी. दोरीचं दुसरं टोक मागं ट्रकला बांधलेलं असावं.

"उतरायचं नाही सांगितलं होतं!" तूरिद ओरडली.

"मला माहीत," तो धापा टाकत मोडक्या नॉर्वेजियनमध्ये म्हणाला. "पण तुमचा सायलेन्सर... बर्फात गाडला. धूर आत. झोप येते, मग उठत नाही. मी खोरं मारलं. आता ठीक. अजून दहा मिनिटं, परत मारतो."

तूरिदचा हात आपसूक डोक्याकडं गेला. डोकं जड झालं होतं खरं, तिला वाटलं होतं भीतीनं. तिनं इंजिन बंद केलं आणि काच बोटभर खाली घेतली.

"मागे गाडी, त्यात माणूस, रेडिओ," तो म्हणाला. "नांगर परत येतो. वेळ लागतो."

"नाव काय तुझं?"

"विदमांतास. लिथुआनिया."

"मी तूरिद. माझ्यामुळं तुम्ही सगळे अडकलात."

"नाही, नाही. तुम्ही थांबला, चांगलं. लोक नाही थांबत. पळतात. मग मी..." त्यानं दोन्ही मुठी एकमेकींवर आपटल्या. "मी मोठा. मला थांबायला खूप रस्ता लागतो."

तिनं थर्मासमधली कॉफी ओतली, डबा उघडला. त्यानं एक लेफ्से खाल्ली, डोळे मिटले, आणि न विचारता दुसरी घेतली.

"कॉफी कशी आहे?" तिनं विचारलं.

तो अडखळला. "गरम आहे," म्हणाला.

तूरिद हसली. कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली. त्याला कारण कळलं नाही, पण तोही हसला.

त्यानं सांगितलं की घरी बायको आहे, दोन मुली आहेत, आणि महिन्यातून एकदा तो त्यांच्याबरोबर जेवतो. "फोनवर रोज बोलतो. पण काय बोलायचं? रस्ता, बर्फ, रस्ता." तूरिदनं सांगितलं की ती कुठं निघालीय. नवरा गेल्याचंही सांगितलं. "माफ करा," तो म्हणाला. एवढंच. ऊब राहावी म्हणून तिनं मध्ये दोनदा इंजिन चालू केलं, आणि दोन्ही वेळा त्याआधी उतरून तो सायलेन्सर मोकळा करून आला.

शेवटी पांढऱ्यात पिवळा दिवा फिरताना दिसला. नांगर परतला होता. विदमांतासनं दार उघडताना तिचा हात दाबला. "हळू. दुसरा गियर. मी मागे आहे."

उतरणीवर ती तशीच गेली, दुसऱ्या गियरमध्ये, ब्रेकला पाय न लावता. आरशात त्याचे दिवे होते. खालच्या फाट्याला ट्रक बंदराकडं वळला, त्यानं भोंगा वाजवला. तिनं उत्तरादाखल भोंगा वाजवेपर्यंत तो दिसेनासा झाला होता.

वृद्धाश्रमात बोर्गहिल्ड खिडकीशीच होती. अंगात कोट, मांडीवर पर्स. तिनं तूरिदकडं पाहिलं, मग तिच्यामागच्या रिकाम्या दाराकडं पाहिलं.

"एकटीच?"

"हो."

"कशानं आलीस?"

"गाडीनं. मी चालवली."

"माथ्यावरून?" म्हातारीच्या भुवया वर गेल्या. "त्यानं दिली तुला गाडी?"

तूरिदला नर्सचं बोलणं आठवलं. पण खोटंही बोलवेना.

"दिली," ती म्हणाली. "आता माझीच आहे ती."

बोर्गहिल्डच्या चेहऱ्यावर काहीतरी वर येऊ पाहत होतं, आणि पुन्हा बुडालं. ती रडली नाही. तिनं कोटाची बटणं काढायला सुरुवात केली. बोटं वळत नव्हती. तूरिद पुढं झाली आणि तिनं ती काढून दिली, वरपासून खालपर्यंत. इतक्या वर्षांत ती तिच्या एवढी जवळ कधी उभी राहिली नव्हती.

उरलेल्या लेफ्से दोघींनी खाल्ल्या. संध्याकाळ होताच बोर्गहिल्ड खुर्चीतच झोपली, तोंड किंचित उघडं, अगदी भावासारखी.

माथा बंद झाल्याची बातमी नर्सनं आणली. पाहुण्यांच्या खोलीत अंथरूण घालून दिलं होतं. तूरिद एकदा बाहेर आली, गाडीवरचा बर्फ झाडला, वायपर गोठून चिकटू नयेत म्हणून ते काचेवरून उभे केले, आणि भिंतीवरच्या प्लगला इंजिन रात्रभर गरम ठेवायची तार जोडली. पार्किंगमध्ये दुसरी एकही गाडी नव्हती. मग ती आत गेली.