पुठ्ठ्यामागचा फासा

रतनबाईंनी फासा चिमटीत धरला, खिडकीच्या उजेडाकडे केला आणि एकेका बाजूवरून अंगठा फिरवला. चिंचोक्याहून जरा मोठा, निळा, वीस बाजूंचा, आणि दर बाजूवर आकडा कोरलेला. मग त्यांनी तो दिवाणावर चार वेळा टाकून पाहिला. चारही वेळा वेगळा आकडा आला तेव्हा कुठे तो खाली सतरंजीवर बसलेल्या इमॅन्युएलच्या तळहातावर ठेवला.

"वजन भरलेलं न्हाई यात," त्या म्हणाल्या. "जुगारी लोक भरत्यात."

"आजी, इथं कुणी काही लावत नाही," जेनिफर घाईने म्हणाली. नातीच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या रतनबाईंनी पाहिल्या आणि पाहिल्या नाहीत असं केलं.

चर्च सुटल्यावर दोघी तशाच इमॅन्युएलच्या घरी आल्या होत्या. पोरगा सुप्याच्या कंपनीत तयार मालाची मापं तपासायच्या कामावर होता, घराणं ओळखीतलं होतं, आणि जेनिफरला तो पसंत होता. पसंत कसा पडला, तर या खेळात. दीड वर्षापासून ती दर रविवारी इथे येत होती. इमॅन्युएलच्या आईने, स्टेलाने, लग्नासाठी रीतसर विचारणा केली होती, आणि आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं ठरलं होतं. पोहे खायला येणारा प्रत्येक पोरगा गाईसारखा गरीब असतो, हे रतनबाईंना चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी पोह्यांचा कार्यक्रमच मोडीत काढला. पोरगा रविवारी खेळतो काय ते बघते म्हणाल्या, आणि निघताना नातीला बजावलं की एक खोटं दिसलं की मी उठले, चहालासुद्धा थांबायची नाही.

जेनिफरने मान हलवली होती. आजीची ही अट कुठून आली ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिचा बाप, योहान, आठ महिने रोज सकाळी डबा घेऊन सुप्याच्या बसमध्ये बसत होता. कंपनीने त्याला नाताळाआधीच काढलं होतं, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी डबा रिकामा करून आणायचा आणि साहेब आज कसा तापला होता ते रंगवून सांगायचा. दया, रतनबाईंची एकुलती एक मुलगी, एकाएकी आजारी पडून दवाखान्यात गेली त्या दिवशी त्यांनी कंपनीच्या गेटवर माणूस धाडला. गेटवाल्याने असा माणूस इथे नाही म्हणून त्याला परत पाठवलं. दयाने आईला विचारलं, निघाला का तो? रतनबाई त्याच दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या. डॉक्टर काय सांगतात, नर्सा काय सांगतात, हे त्यांनी तीस वर्षं ऐकलं होतं आणि स्वतः कधी कुणाला तसलं गोड काही सांगितलं नव्हतं. त्यांनी होतं ते सांगितलं. दया भिंतीकडे तोंड करून निजली. योहान डबा हलवत आला तोवर सगळं आटोपलं होतं. जेनिफर तेव्हा सहा वर्षांची होती.

"तुम्हाला खाली बसायला त्रास होईल," इमॅन्युएल म्हणाला. "दिवाणावरच बसा. तिथून सगळं दिसेल."

तो स्वतः दिवाणाला पाठ लावून बसला. समोर त्याने पुठ्ठ्याचा घडीचा आडोसा उभा केला, आडोशाच्या आत चौकटीचा कागद पसरला. कागदावर एका किल्ल्याचं तळघर होतं. खर्ड्याचा किल्ला बघून आल्यावर काढलंय, तो म्हणाला, पण खालचं सगळं मनाचं. आडोशाच्या पलीकडे जेनिफर, तिच्या शेजारी तौफिक नावाचा गॅरेजवाला पोरगा, आणि कोपऱ्यात लोडाला टेकून वैजनाथकाका म्हणून पन्नाशीचा एक माणूस.

त्या माणसाकडे रतनबाईंनी एकदाच बघितलं आणि ओळखलं. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, तोंडाचा एक कोपरा किंचित ओघळलेला. वारं गेलं होतं अंगावरून. वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. त्याची बहीण त्याला रिक्षाने सोडून जायची आणि सहा वाजता न्यायला यायची. एरवी घरी तो दिवसाचे चार शब्द बोलत नाही, हे स्टेलाने आत नेऊन हळूच सांगितलं.

खेळ समजायला रतनबाईंना फार वेळ लागला नाही. जो तो कुणीतरी व्हायचा. तौफिक चोर झाला होता, आणि त्याला ते शोभत होतं असं त्या म्हणाल्या तेव्हा तो पोट धरून हसला. वैजनाथ म्हातारा जादूगार. जेनिफर राजाची हाकलून दिलेली मुलगी.

"तू राजाची मुलगी?" रतनबाईंनी विचारलं. "हे खोटं न्हाई व्हय?"

"खेळ आहे ना आजी. नाही हे सगळ्यांना माहीत असतं."

रतनबाईंनी विचार केला. सगळ्यांना माहीत असलं तर त्याला खोटं म्हणता येणार नाही, हे त्यांना पटलं. पण स्वतःसाठी त्यांनी दुसरं नाव घ्यायला साफ नकार दिला. दुसरं नाव लावून फिरायला मी काय कुणाला बुडवायला आलेय का, म्हणाल्या. शेवटी ठरलं ते असं की रतन नावाची बाई या तिघांच्या पुढे मशाल घेऊन चालेल. जेनिफरने कागदावर त्यांच्यासाठी एक पांढरं बटण ठेवलं. रतनला जीव चार.

"आन् मारणाऱ्याचा फासा कोण टाकतं?"

"आपला आपण टाकायचा," तौफिक म्हणाला. "पण समोरच्या जनावराचा, राक्षसाचा, तो मास्तर, म्हणजे इमॅन्युएल, टाकतो. पुठ्ठ्याच्या मागं."

"मागं? मग तुमाला दिसतो कसा?"

"नाही दिसत. तो सांगतो तो आकडा खरा."

रतनबाईंनी पदर सावरला आणि त्या जरा पुढे सरकून बसल्या. जेनिफरने इथे आधीच सांगून ठेवलेलं असणार की आजी शिकलेली नाही. खरंच होतं ते, दोन यत्ता. पण गेल्या पावसाळ्यात मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना लांबचं लख्ख दिसत होतं, आणि आकडा म्हणाल तर तापाच्या कागदावरचे इंग्रजी आकडे त्यांनी तीस वर्षं डॉक्टरांच्या आधी वाचले होते. इमॅन्युएलच्या खांद्यावरून आडोशाच्या आतला निळा फासा त्यांना ताटातल्या मिठासारखा स्पष्ट दिसत होता.

खेळातली मंडळी तळघरातल्या बारवेच्या पायऱ्या उतरू लागली. घरी कुणाला सांगून निघालात का, असं रतनबाईंनी मध्येच विचारलं. कुणीच सांगितलेलं नव्हतं. दोरी तरी वर कशाला बांधलीत का? तीही नव्हती. असली मूर्ख माणसं जन्मात बघितली नाहीत म्हणून त्यांनी सगळ्यांना परत वर नेऊन दोरी बांधायला लावली, आणि इमॅन्युएलने ते निमूट लिहून घेतलं. पुढे तिसऱ्या वळणावर पायरी निखळली तेव्हा त्या दोरीनेच तौफिकचा चोर वाचला. त्यानंतर तो प्रत्येक दाराशी आधी आजींना विचारू लागला.

अर्धा तास इमॅन्युएलने फासे टाकले आणि जे पडलं तेच सांगितलं. रतनबाई मनातल्या मनात एकेक ताडून बघत होत्या. अकरा, अकरा. चार, चार. नातीला लागणारे अठरा पडले तरी अठरा.

तळाशी कमरेएवढं पाणी होतं. पाण्यातून घोरपडीसारखं काहीतरी वर आलं, पण बैलाएवढं. ते वैजनाथच्या जादूगारावर धावून गेलं. जादूगाराला दोनच जीव उरले होते, आणि एका चाव्याला पाच-सहा जात. बारा किंवा वर पडलं तर लागलं, खाली पडलं तर चुकलं.

वैजनाथने मांडीवरचा उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरला. तौफिक हळूच म्हणाला की काका, चौदा महिने जपलाय हो हा गडी.

फासा आडोशाच्या आत गडगडला आणि थांबला.

सतरा.

इमॅन्युएलने आकड्याकडे पाहिलं. मग फासा उचलला.

"सात," तो म्हणाला. "चुकला."

रतनबाईंनी पिशवीच्या बंदात हात घातला. पाय दिवाणावरून खाली सोडले, बोटांनी थंड फरशी चाचपली. आवाजात जरासुद्धा फरक नव्हता पोराच्या. योहानच्या आवाजातही नसायचा.

"मी..." कोपऱ्यातून आवाज आला. वैजनाथ लोडापासून सुटून ताठ बसला होता. ओठांची जुळवाजुळव चालली होती. कुणी त्याला शब्द पुरवला नाही, कुणी मधे बोललं नाही. जेनिफर त्याच्या तोंडाकडे बघत होती, जसं दयाचं पहिलं पाऊल पडताना रतनबाईंनी बघितलं होतं. "मी... मंत्र... म्हणतो."

"म्हणा काका."

"पाण्या," वैजनाथ म्हणाला. थांबला. घाम पुसला. "पाण्या... दगड हो."

त्याने स्वतःच्या हाताने फासा टाकला. एकोणीस पडले. सगळ्यांना दिसले. पाणी जागच्या जागी दगड झालं आणि घोरपडीचे चारही पाय त्यात रुतले. वैजनाथ हसला. अर्धंच तोंड हसलं, पण आवाज पुरता होता, आणि स्वयंपाकघरातून स्टेला हात पुसत दाराशी आली.

रतनबाईंचे पाय फरशीवर होते ते तसेच राहिले.

घोरपड पायांनी अडकली होती, मान मोकळी होती. सगळ्यात जवळ मशाल. तिने मान वळवली आणि ती रतनवर झेपावली.

"चार जीव," तौफिक म्हणाला. "आजी, तुम्ही पहिल्यांदाच आलाय, मास्तर काही..."

"टाकू दे त्याला," रतनबाई म्हणाल्या.

फासा गडगडला. पंधरा.

रतनबाई आता फाशाकडे बघत नव्हत्या. त्या पोराच्या मानेकडे बघत होत्या. आज संध्याकाळचा शब्द ज्या बाईच्या तोंडात होता तीच बाई कागदावर मशाल घेऊन उभी होती, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. दारातून स्टेलाने हळूच म्हटलंसुद्धा, अरे, पाहुण्या आहेत, जाऊ दे की. जेनिफरने मान खाली घातली होती.

इमॅन्युएल वळला आणि वर बघून म्हणाला, "पंधरा, आजी. लागला." त्याने दुसरा फासा टाकला, तो मोजला. "सहा जीव गेले."

"म्हंजे मेले मी?"

"हो. मेलात."

तौफिकने जीभ चावली. स्टेला आत निघून गेली आणि भांड्यांचा जरा जास्तच आवाज झाला.

"बरं," रतनबाई म्हणाल्या. "मग मशाल कुणी उचलली? का सगळे अंधारात बसून रडताय?"

कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. वैजनाथने डावा हात पुढे केला, कागदावरचं पांढरं बटण उचललं आणि आपल्या सोंगटीला चिकटवून ठेवलं.

"मी... घेतो," तो म्हणाला.

पुढचा तासभर रतनबाई मेलेल्या होत्या, तरी त्यांचं बोलणं थांबलं नाही. मेलेल्या माणसाने बोलायचं नसतं असं तौफिक म्हणाला, तर माझ्या नवऱ्याला तो मेल्यावरही मी बोलतेय, तू कोण, म्हणाल्या. चहा झाला. त्या चहाला थांबल्या, ते जेनिफरने पाहिलं. सहाला वैजनाथची बहीण आली. दाराशी तो तिला काहीतरी सांगायला लागला, घोरपडीचं असावं, आणि ती रिक्षावाल्याला हाताने थांबवून ऐकत राहिली.

निघताना इमॅन्युएल ओट्यावर आला आणि रतनबाईंच्या चपला त्यांच्या पायांशी सरळ करून ठेवू लागला. जेनिफर आत स्टेलाला कपबशा उचलून देत होती.

"मला मारलंस ते," रतनबाई म्हणाल्या.

"तुम्हाला खेळात दुसरी बाई करता येते आजी. पाच मिनिटांचं काम आहे."

"आन् त्या वैजनाथाला?"

त्याचा हात चपलेवर थांबला. तो वर बघेना. अंगणात कुणीतरी दुचाकी चालू केली, ती गेटाबाहेर पडली.

"सतरा पडले होते," तो म्हणाला.

बाकी काही नाही. त्या माणसाची हकिगत नाही, कारण नाही, कुणाला सांगू नका नाही. चपला नीट लावून तो उठून उभा राहिला आणि जे काही ऐकायचं असेल ते ऐकायला थांबला. रतनबाईंनी चपलांत पाय घातले. त्याच्या खांद्याचा आधार घेऊन त्या ओट्याची एक पायरी उतरल्या, मग दुसरी, आणि तिथून पुढे आपल्या आपण चालू लागल्या.

जेनिफरने त्यांना गेटाबाहेर गाठलं. तिने आजीची पिशवी काढून घेतली, या हातातून त्या हातात घेतली. कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी तिला राहवलं नाही.

"तुला वरून सगळं दिसत होतं ना? फासा?"

"व्हय."

"मग," जेनिफर म्हणाली आणि थांबली. तिने पिशवीचे बंद बोटांभोवती गुंडाळले. "एकदा तरी खोटं बोलला का तो, आजी?"

समोरून एसटी गेली. धूळ खाली बसेतो रतनबाईंनी पदर नाकाला धरला.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

आजी म्हणाली म्हणजे तसंच असणार. जेनिफरने पिशवी खांद्याला लावली, तिचे डोळे भरून आले होते, आणि ती दुसरीकडे बघत चालू लागली. रतनबाई तिच्या मागून जरा सावकाश निघाल्या, आणि येणाऱ्या रिक्षाला त्यांनी हात केला.